चायनीज सिरियल्समध्ये नक्की बघण्यासारखं काय असतं? कुठून सुरुवात करू?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी, प्रश्न साधा आहे पण थोडं लांबण लावते. आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही आईचा असतो. इतकी वर्षं मराठी मालिका बघितल्यात तिने, पण आता तीच वैतागलीय, म्हणते अगं चांगली चाललेली गोष्ट टीआरपी मिळतोय म्हणून दोन-दोन वर्षं ताणतात आणि नाही मिळाला की आठवड्याभरात गुंडाळून टाकतात, शेवट काय करायचा हे त्यांनाच माहीत नसतं. मग मी तिला कोरियन दाखवल्या, त्या आवडल्या, पण सोळा भागांत संपतात म्हणून हळहळते. तिला भरलेलं घर पाहिजे, खूप माणसं पाहिजेत, गोष्ट मोठी पाहिजे, फक्त ती कुठेतरी जाणारी पाहिजे.

ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली मग चायनीज लाव की. यूट्यूबवर उघडून बघितल्या एक-दोन, एकीत सगळे पांढऱ्या झुळझुळीत कपड्यांत हवेत उडतायत, दुसरीत ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे, आणि नावं तर एकही डोक्यात राहिना. पण मैत्रीण इतक्या मनापासून सांगत होती की सोडूनही द्यावंसं वाटत नाहीये. जे खरंच बघतात त्यांनी सांगा ना, ह्यात असं काय आहे जे आपल्याकडे किंवा कोरियनमध्ये मिळत नाही? नुसती नावांची लिस्ट नको, तुम्हाला का आवडलं ते सांगा.

सिडको_वाचक
ताई, तुमच्या आईंना जे हवंय ना तेच ह्यांचं मुख्य बळ आहे. तिकडे मालिका टीव्हीवर यायच्या आधी अख्खी शूट झालेली असते, एडिटिंग झालेलं असतं, सरकारी मंजुरी मिळालेली असते, मग पहिला भाग दाखवतात. म्हणजे पहिला भाग लिहिणाऱ्याला शेवटचा भाग माहीत असतो. मधे टीआरपी पडला म्हणून हिरोला कोमात पाठवता येत नाही कारण सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. ऐकायला ही प्रॉडक्शनची बाब वाटते पण बघताना सगळा फरक तिथूनच पडतो.

'निर्वाणा इन फायर' घ्या. २०१५ ची आहे, ५४ भाग. बारा-तेरा वर्षांपूर्वी सत्तर हजारांच्या एका फौजेवर देशद्रोहाचा खोटा आळ घालून तिला संपवलेलं असतं, त्यातून वाचलेला तरुण सेनापती चेहरा बदलून, शरीराने पार खचलेला, दुसऱ्या नावाने राजधानीत परत येतो. त्याला गादी नकोय, सूड पण लोकांना वाटतो तसा नकोय, मेलेल्यांची नावं दप्तरातून निर्दोष म्हणून सुटावीत एवढंच पाहिजे आणि ते काम राजाच्या तोंडून करून घ्यायचंय. हू ग नावाच्या नटाने हे काम केलंय, तलवार एकदाही नीट उचलत नाही, शेगडीजवळ शाल गुंडाळून बसलेला असतो आणि तुम्ही नजर हलवू शकत नाही.

आता एक सीन सांगतो. त्याचा जुना जिवलग मित्र म्हणजे राजपुत्र जिंग, ह्याला ओळखत नाही कारण चेहराच वेगळा आहे. हा जिंगच्या वाड्यावर जातो, भिंतीला एक धनुष्य लटकवलेलं असतं, सहज हात पुढे करतो. जिंग पटकन अडवतो, हात लावू नका, ते माझ्या गेलेल्या मित्राचं आहे, त्याला परक्या माणसांनी आपल्या वस्तूंना हात लावलेला आवडायचा नाही. आणि हा माफी मागून हात मागे घेतो. धनुष्य ह्याचंच आहे! पार्श्वसंगीताचा धडाका नाही, चेहऱ्यावर तीन वेळा झूम नाही, सीन पुढे सरकतो. तशीच त्याची विचार करताना बोटांनी कापडाची कड चोळायची सवय, ती सुरुवातीला आपल्याला नुसती दिसते, कुणी काही बोलत नाही आणि मग खूप भाग गेल्यावर ती जिंगच्या नजरेला पडते तेव्हा अंगावर काटा येतो. हे असलं पेरणं आणि मग इतक्या धीराने थांबणं रोज रात्री उद्याचा एपिसोड लिहिणाऱ्याला शक्यच नाही. लेखकांचा दोष नाही म्हणत मी, पद्धतच तशी आहे आपल्याकडे.

नावांचं म्हणाल तर पाठ करायला जाऊ नका. ह्याच माणसाची तीन नावं आहेत, लिन शू, मेई चांगसू आणि सू झे, कोण कुठल्या नावाने हाक मारतंय ह्यावर कुणाला काय माहितीय ते कळतं. पहिले चार-पाच भाग नुसती नाती धरा, युवराज कोण, त्याचा सावत्र भाऊ कोण, कोणाची आई कुठली राणी. आपल्याला पेशवाईतली भाऊ, दादा, नाना, राव चालतात की, हेही बसतं.

आवाजाचं कारण वेगळं आहे. बऱ्याच ऐतिहासिक मालिका हेंगदियानच्या स्टुडिओत होतात, झेजियांग प्रांतात आहे, बीजिंगच्या राजवाड्याची मोठीच्या मोठी प्रतिकृती उभी आहे तिथे. शेजारी-शेजारी अनेक युनिट्स शूट करत असतात, तो गोंगाट, शिवाय नटांचे वेगवेगळ्या प्रांतांतले उच्चार, म्हणून आवाज नंतर भरतात आणि पुष्कळदा तो नटाचा नसून व्यावसायिक आवाज कलाकाराचा असतो. थोडे दिवस खटकतं, मग लक्ष जात नाही.

येवल्याची_सून
सिडको_वाचक यांनी इतकं छान लिहिलंय की गोष्टीबद्दल मी काही बोलत नाही, मी कपड्यांबद्दल बोलणार आणि ते काही कमी महत्त्वाचं नाहीये.

'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस', २०१८, ७० भाग, अठराव्या शतकातल्या चियानलोंग राजाच्या काळातली. नायिका वेई यिंगलुओ राजवाड्याच्या भरतकाम विभागात साधी दासी म्हणून कामाला लागते, तिथून गोष्ट सुरू होते. माझ्या सासरी हातमाग आहे, पैठणीचा, त्यामुळे पहिल्या भागापासून माझं सगळं लक्ष हातांकडे. मोराच्या पिसाचा धागा चोरीला जातो आणि राणीच्या वाढदिवसाचा पोशाख तर वेळेत द्यायचाय, मग ही मुलगी हरणाच्या शेपटीच्या केसांचा धागा वळून काम उरकते, आणि पुढे तिला जाब विचारला जातो तेव्हा ती नुसत्या हजरजबाबीपणाने नाही सुटत, तिला माल आणि त्यामागची जुनी रीत माहितीय म्हणून सुटते. कारागीर माणूस कसा विचार करतो ते बरोब्बर दाखवलंय.

त्यात केसी नावाचं रेशमी विणकाम दिसतं. आपल्या पैठणीसारखंच, आडवा धागा काठापासून काठापर्यंत सरळ जात नाही, जिथला रंग तिथेच त्याची वेगळी कांडी फिरते, त्यामुळे खरी हातमागाची असेल तर उलटी सुलटी दोन्हीकडून नक्षी सारखी. मी ते सासऱ्यांना मोबाईलवर दाखवलं, त्यांनी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला आणि विचारलं, एका दिवसात किती बोटं होतं ह्यांचं. म्हणजे बघा. पट्टराणी फुचा डोक्यात सोन्याऐवजी रेशमाच्या धाग्यांची फुलं घालते, ती पण तिकडची जुनी कला आहे, आणि खऱ्या इतिहासातही ती राणी साधेपणासाठीच नावाजलेली. रंग तर इतके निवलेले वापरलेत, राखाडीत मुरलेला गुलाबी, मळकट निळा, आपल्या मालिकांतल्या भगभगीत साड्यांनंतर डोळ्यांना गार वाटतं.

आई असतील तर ही नक्की लावा. सासू, सवत, जाऊ, कट-कारस्थान सगळं आहे, पण नायिका रडत बसत नाही. तिला कुणी त्रास दिला की पुढच्या दोन भागांत हिशोब चुकता.

देवळाली_कॅम्प
वरच्या दोघांचं पटतंय पण दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर ताई काहीतरी भलतंच लावतील आणि आई एका दिवसात उठून जातील. तिकडे मालिका ढिगाने बनतात आणि त्यातल्या बऱ्याच टाकाऊ असतात. कंपनीचा थंड मालक आणि धडपडणारी मुलगी, चेहऱ्यावर एवढा फिल्टर की नाकच दिसत नाही, आणि पाणी घालून घालून पन्नास-साठ भाग. हे मी नाही म्हणत, तिथल्या सरकारच्या प्रसारण खात्यानेच २०२० मध्ये सांगितलं की ४० भागांच्या वर जाऊ नका, जमल्यास ३० मध्ये आटपा. आणि मंजुरीचं जे कौतुक वर झालंय तीच मंजुरी गळा पण दाबते, आजच्या काळातल्या गोष्टीत पोलीस शेवटी जिंकणारच, व्यवस्थेवर थेट बोट ठेवता येत नाही, जे काही म्हणायचंय ते हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या आडून म्हणायचं. हे माहीत असून बघितलं तर उलट मजा येते, लेखक कुठून वाट काढतोय ते दिसतं.

माझा सल्ला छोट्या क्राइमपासून सुरू करा. 'द बॅड किड्स', २०२० ची, फक्त १२ भाग. एक साधासुधा दिसणारा गणिताचा शिक्षक सासू-सासऱ्यांना डोंगरावर फिरायला नेतो, फोटो काढतो म्हणून कड्याजवळ बसवतो आणि ढकलून देतो. खाली तीन मुलं मोबाईलवर आपलाच काहीतरी व्हिडिओ काढत असतात, त्यात हे मागे आलेलं असतं. पुढे प्रश्न असा होत जातो की जास्त भीती कोणाची वाटायला पाहिजे. आणि 'रीसेट', २०२२, १५ भाग. सिटी बसमध्ये स्फोट होतो, दोघंजण पुन्हा पुन्हा त्याच बसमध्ये जागे होतात. दर फेरीला एकेका प्रवाशाची गोष्ट कळते, त्यातला तो कलिंगडं घेऊन चढलेला माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. आपण रोज नाशिकरोड ते सीबीएस शेजारी बसून जातो त्या माणसाबद्दल आपल्याला काय माहिती असतं, ते त्या मालिकेनंतर मी खरंच विचार करायला लागलो.

निफाड_द्राक्षवाला
इथे कुणी मिनिंग टाऊनचं नाव कसं घेतलं नाही. राजवाडे सोडा हो, ही बघा. २०२१, २३ भाग.

निंगशिया प्रांतातला शिहायगु म्हणून भाग आहे, पाणी नाही, नुसती पिवळी माती. १९९१ पासून गोष्ट सुरू होते. एका पोरीचं लग्न बाप ठरवतो, बदल्यात काय मिळणार तर एक पाण्याचं टाकं, एक गाढव आणि थोडी जनावरं. पोरगी हुशार आहे, तिचं दुसऱ्यावर मन आहे, आणि बाप पण काही राक्षस नाही, त्याला खरंच दुसरा रस्ता दिसत नाही. ते टाकं दाखवलंय ना तेव्हा मला आमच्याकडचे सिन्नर-येवल्याकडचे टँकरचे दिवस आठवले, पाण्यापायी सोयरिक अडलेली माणसं आपल्या जिल्ह्यात पण आहेत.

मग सरकार ह्यांना उठवून माळरानावर नवीन गाव वसवायला नेतं. वाळूची वादळं, डास, वीज नाही कारण विजेला ठरावीक घरं भरायला पाहिजेत आणि घरं भरायची तर लोक म्हणतात आधी वीज द्या. मा दफू नावाचा खालच्या पदावरचा पोरगा ह्या दोन्हीच्या मधे भरडला जातो. लोक रात्रीतून पळून परत जातात. नंतर फुजियान प्रांतातून शेतीचे प्राध्यापक येतात, मशरूम लावायला शिकवतात, पहिल्या वर्षी पैसा होतो, बघून सगळं गाव मशरूम लावतं आणि भाव धाडकन पडतो. हे मी जेव्हा बघितलं तेव्हा टीव्हीसमोरून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. कांद्याचं, टोमॅटोचं, द्राक्षाचं आमचं दर तीन वर्षांनी हेच. पण त्या मालिकेत कुणी भाषण देत नाही. व्यापारी बाजारात हात दाखवून किती देणार ते सांगतो, शेतकरी गप्प बसतो, प्राध्यापक स्वतः माल विकायला वणवण फिरतो.

आता देवळालीवाले म्हणतील ही सरकारी योजनेची मालिका आहे. आहेच. गरिबी हटवल्याचं कौतुक म्हणूनच काढली, आणि शेवटाकडे ते कौतुक जरा जास्त होतं हे पण खरं. तरी पहिले पंधरा-सोळा भाग जो शेतकरी आहे त्याने बघावेतच, कारण पाय मातीत आहेत, चेहरे उन्हाने फाटलेले आहेत, बोली तिकडच्या गावाकडचीच ठेवलीय. पिवळ्या नदीचं पाणी उपसून वर आणतात तो सगळा भाग आपल्या कुठल्याही पाणीवाटप संस्थेच्या मीटिंगमध्ये दाखवण्यासारखा. आणि त्याच निंगशियात हेलान डोंगराच्या पायथ्याशी आज वाइनची द्राक्षं होतात, चीनमधला नावाजलेला पट्टा आहे तो. आपण नाशिकवाले, आपल्याला तर हे बघायला हक्कच आहे.

गंगापूररोडकर
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून थँक्यू. निफाडवाले दादा, तुमचं वाचून मी मिनिंग टाऊनचा पहिला भाग लगेच बघितला, तुम्ही म्हणता तो टाक्याचा भाग फार आत लागला. यान्शी पॅलेसचे फोटो आईला दाखवले, तिला राणीच्या डोक्यातली फुलं आवडली. पण एक अडचण आहे, आईला इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत, म्हणजे येतात पण वेगात नाही जमत. हिंदी डब कशाचं मिळेल? आणि घरातली, आजच्या काळातली, आईच्या वयाच्या माणसांची गोष्ट असलेली एखादी सांगा.

कॉलेजरोड_मावशी
'ऑल इज वेल' लाव बाई. २०१९ ची, ४६ भाग, सुझौ शहरातली. मी आणि माझी बहीण दोघींनी आपापल्या घरी बसून फोनवर बोलत बोलत बघितली.

पहिल्याच भागात आई जाते. मागे राहतो म्हातारा बाप, सू दाचियांग, आयुष्यभर बायकोच्या धाकात गप्प बसलेला. तीन मुलं. थोरला अमेरिकेत, त्याच्या शिक्षणासाठी आईने घरातल्या खोल्या विकल्या. मधला जवळ राहतो, आईबापाच्या पैशावरच जगला. आणि धाकटी मुलगी मिंगयू, सगळ्यात हुशार, तिला चांगल्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं तर आईने पैसे वाचवायला फुकटच्या शिक्षक-प्रशिक्षणात घातली, मुलगी आहेस, मुलांशी बरोबरी करू नकोस म्हणून. अठराव्या वर्षी ती घर सोडते, स्वतःच्या पायावर उभी राहते, आणि आता बापाला कोण ठेवणार म्हटल्यावर सगळ्यांना तिची आठवण येते. हे आपल्या किती घरांत झालंय सांग. प्लॉट भावांच्या नावावर, आणि दवाखान्यात रात्री बसायला बहीण.

मला सगळ्यात आवडलं ते बापाचं पात्र. नी दाहोंग नावाच्या नटाने केलंय. बायको गेल्याबरोबर हा माणूस असा काही मोकाट सुटतो, हट्ट काय, रडणं काय, नवीन घरच पाहिजे, कॉफीच पाहिजे आणि ती पण हाताने दळलेलीच, की कधी त्याला बदडावंसं वाटतं आणि पुढच्या मिनिटाला पोटात तुटतं. कुणालाच पूर्ण चांगलं किंवा वाईट नाही केलेलं. मधल्या भावाचा तर एक प्रसंग असा आहे की मला चार दिवस त्याचा राग जाईना. शेवटाबद्दल एवढंच सांगते की एक शाळेतलं सरावाचं पुस्तक येतं, तेव्हा रुमाल जवळ ठेव. लोक तिकडे ह्या शेवटावर भांडले, मुलीने इतकं माफ करायला नको होतं म्हणून, आणि माझं मत पण तेच आहे, थोडं कमी माफ करायला हवं होतं.

हिंदीचं म्हणशील तर अॅमेझॉन एमएक्स प्लेअरवर चायनीज मालिका हिंदीत डब केलेल्या येतात, पण तिथे जास्त करून प्रेमकथा, ही तिथे शोधत बसू नकोस. यूट्यूबवर बघताना सबटायटल चालू कर, सेटिंगमध्ये ऑटो ट्रान्सलेट असतं, त्यात मराठी निवड. जिथे इंग्रजी चित्रातच छापलेलं आहे आणि वेगळी कॅप्शन दिलेली नाहीत तिथे हे चालत नाही. मराठी जरा वेडीवाकडी येते पण गोष्ट कळते.

सातपूर_अशोकनगर
थोडा उशिरा लिहितोय, सेकंड शिफ्ट होती. मावशींनी घरातलं सांगितलं, मी कारखान्यातलं सांगतो. 'द लाँग सीझन', २०२३, १२ भाग. ही माझ्या मते ह्या सगळ्यांत वरची.

चीनच्या ईशान्येकडचं पोलाद कारखान्याचं गाव. वांग शियांग हा कारखान्याच्या रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर, आदर्श कामगार म्हणून सत्कार झालेला, कंपनी म्हणजे त्याचा देव. गोष्ट १९९७, १९९८ आणि २०१६ अशी तीन काळांत फिरते. एक खून होतो, भयंकर आहे, आईंना तो भाग नका दाखवू, पण मालिका खुनाची नाहीच. ९८ मध्ये कपात येते. यादीत कोणाचं नाव, कोण साहेबाच्या किती जवळ, कोण रात्री मशीनचे सुटे भाग बाहेर काढून विकतंय आणि कोण अजून इमानदारीत हजेरी लावतंय. २०१६ मध्ये तोच वांग शियांग म्हातारा होऊन टॅक्सी चालवतोय, मुलगा गेलाय, आणि तो अजून ९८ मध्येच अडकलाय.

मी ज्या गल्लीत वाढलो तिथे एका कंपनीला टाळं लागल्यावर किती जणांचे वडील रिक्षावर आले ते बघितलंय, त्यामुळे मला ती मालिका परदेशी वाटलीच नाही. युनिफॉर्म घडी करून कपाटात ठेवलेला असतो आणि कुणी टाकू देत नाही, हे आमच्याही घरी आहे. वांग शियांगचं काम करणारा फान वेई हा नट तिकडे विनोदासाठी प्रसिद्ध, इथे पहिले काही भाग हसवतो पण, तिघं म्हातारे मिळून तपास करतात ते फार गोड आहे, आणि मग तोच माणूस एका सीनमध्ये नुसता उभा राहतो आणि आपल्याला बघवत नाही. आणखी एक म्हणजे उजेड. असल्या गोष्टी नेहमी अंधारात, पावसात दाखवतात, इथे सगळीकडे पिवळं कोवळं ऊन, मक्याची शेतं, त्यातून जाणारी रेल्वे. इतक्या उन्हात इतकं दुःख मी आधी कधी बघितलं नव्हतं.

सिडको_वाचक यांनी पद्धतीचं जे लिहिलं ते इथे पण लागू आहे. तीन काळ एकमेकांत असे विणलेत की पहिल्या भागातली एक फालतू वाटणारी ओळ शेवटच्या भागात परत येते तेव्हा तिचा अर्थच बदललेला असतो. हे आधी सगळं लिहून झालं असल्याशिवाय होत नाही.

गंगापूररोडकर
सातपूरवाले दादा, ही मी एकटी बघणार, लिस्टमध्ये टाकली.

अपडेट, ऑल इज वेल सुरू केलं. मराठी ऑटो ट्रान्सलेट चाललं मावशी, काही वाक्यांना अर्थच नसतो पण आई स्वतःच अंदाजाने पूर्ण करते आणि बहुतेक बरोबर असतं. नावं तिने स्वतःची ठेवलीत, थोरला, मधला, धाकटी. बापाने अमेरिकेला जायचा हट्ट धरला तिथपर्यंत आलोय, आई त्याच्यावर प्रचंड चिडलीय आणि तरी जेवताना त्याच्याबद्दलच बोलते. ह्यानंतर तिला एवढ्याच लांबीची पण ऐतिहासिक पाहिजे म्हणते, राजवाड्याऐवजी साध्या वाड्यातली चालेल. आहे का काही?

येवल्याची_सून
'स्टोरी ऑफ मिंगलान'. जरा जास्त लांब आहे, ७३ भाग, साँग घराण्याचा म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीचा काळ, राजवाडा कमी आणि घरच जास्त. नायिका दुय्यम बायकोची मुलगी, आई लहानपणीच जाते, आजी वाढवते, आणि ह्या घरात टिकायचं तर आपली हुशारी लपवायची हे ती फार लवकर शिकते. सुरुवातीलाच मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत आलेला हंसांचा जोड भाऊ पैजेवर लावून बसतो, मडक्यात बाण टाकायचा खेळ असतो, आणि ही एवढीशी पोर पुढे होऊन तो डाव जिंकते. तिथेच आईंना ती आवडेल. फक्त पहिले आठ-दहा भाग संथ आहेत आणि लहानपण दाखवलंय, ते सोडून पुढे ढकलू नका, नंतर सगळं त्याच्यावरच उभं आहे.